अडीच फुटांवरून

रात्री साडेअकराला, हडर्सफील्डच्या भाड्याच्या घरात
मी गुडघ्यांवर बसलो, मग हात टेकले,
आणि रांगू लागलो.
गालिच्याला अजून चहाचा वास.

हेल्थ व्हिजिटर डेनिसबाई म्हणाल्या होत्या,
एकदा तिच्या उंचीवरून घर बघा.
पत्रकही दिलं होतं, सहा महिन्यांपूर्वी.
ते फ्रिजवर आहे, पिझ्झाच्या कूपनखाली.

इथून घर वेगळंच आहे.
किटलीची वायर ओट्यावरून लोंबतेय, ओढ म्हणतेय.
खिडकीच्या पडद्याच्या दोरीला फास,
एका छोट्या गळ्याएवढा.
सिंकखाली डिशवॉशरच्या निळ्या-लाल गोळ्या,
जत्रेतली मिठाईसुद्धा एवढी चकाकत नाही.
जिना उभाच्या उभा, टेकडीवरच्या घरांचा असतो तसा.
त्याचं फाटक महिनाभर खोक्यातच:
एक स्क्रू कमी होता, तो शोधत होतो.
शोधत होतो म्हणजे, शोधणार होतो.

मंगळवारी मी तिथेच होतो.
हे मी डॉक्टरांना सांगितलं, नर्सला सांगितलं,
फॉर्म भरणाऱ्या त्या शांत बाईंना सांगितलं,
ज्यांनी एकच प्रश्न तीन प्रकारे विचारला
आणि ज्यांचा मला राग आला होता. आता येत नाही.
तिथेच होतो. सोफ्यावर. हात लांबवला असता तर
फ्रॉक हाती लागला असता, एवढ्यावर.
ग्रुपवर कुणी नव्या गाडीचा फोटो टाकला होता,
मी अंगठा देत होतो.

रेवाला कप दिसलाच नाही. तिला कान दिसला,
टेबलाच्या कडेबाहेर आलेला, कपाचा कान.
आणि कान कुठंय, कान कुठंय, दाखव बरं,
हे तर आम्हीच शिकवलं होतं.

वीस मिनिटं नळाखाली.
शाल्मली मोजत होती, मोठ्यानं,
पोरीच्या रडण्याच्या वर आवाज चढवून.
फोनवर आई: टूथपेस्ट लाव. हळद लाव.
काही लावायचं नाही, शाल्मली म्हणाली. पाणी.
मी नुसता तो एवढासा हात धरून.
इतकं लक्ष मी आयुष्यात
कशाकडेच दिलेलं नाही.

दवाखान्यातून आलो तर आई पुन्हा: दृष्ट काढ.
मीठ, मोहरी, मिरच्या तव्यावर टाकल्या
आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळला.
मिस्टर हर्स्ट सपाता घालून दारात,
सगळं ठीक ना?
काय सांगू त्यांना? पोरीला नजर लागली?
तिच्यावर नजर नव्हती हो.
माझी.

टेबलाखाली शिरलो. हे टेबल आमचं नाही,
घराबरोबर आलेलं.
चारही कोपऱ्यांना खालून गोंदाचे पिवळे डाग,
वाळून खडा झालेले.
कुणीतरी इथे स्पंजचे तुकडे चिकटवले होते.
आमच्या आधी कुणीतरी रांगलं होतं.
त्यांना काही झाल्यावर सुचलं की आधीच,
हे गोंदावरून कळत नाही.
नखानं खरवडून पाहिलं. निघाला नाही.

साडेबाराला फाटक खोक्यातून काढलं.
स्क्रू खरंच एक कमी आहे.
ड्रिल आत्ता चालवता येणार नाही,
भिंतीपलीकडे मिस्टर हर्स्ट झोपलेत.
मग वरच्या पायरीवर बसलो, पाय आडवे टाकून,
एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

झोप आता, शाल्मली म्हणाली,
ती कॉटमध्ये आहे, कुठे जाणारेय?
माहीत आहे मला.
दार उघडं ठेव म्हटलं, थोडंसं.
आत अंधारात पांढरं बँडेज तेवढं दिसत होतं,
वर होत होतं, खाली होत होतं.
खाली काचेच्या टेबलावर फोन थरथरला,
थांबला,
परत थरथरला.